चंद्राचे खरे छायाचित्र कोणते?

१/ मे २०२१ मध्ये पुण्यातील एका सोळा वर्षांच्या मुलाने काढलेले चंद्राचे छायाचित्र देशभर पाहिले गेले. विवरांच्या कडा, त्यांतील सावल्या, चांद्रभूमीच्या निळसर-तांबूस छटा असे सारे त्यात स्पष्ट दिसत होते. ते एका क्षणाचे चित्र मात्र नव्हते. पन्नास हजारांहून अधिक चौकटी आणि १८६ जीबी माहिती यांतून ते घडवले होते, आणि हे त्या मुलाने स्वतःच उघडपणे सांगितले होते.

२/ मग त्याला छायाचित्र म्हणावे काय? जे जोडून, निवडून घडवले ते खरे नव्हे, हा आक्षेप सहज सुचतो. परंतु चंद्राच्या छायाचित्रणाचा सुमारे एकशे ऐंशी वर्षांचा इतिहास चाळला, तर तो टिकत नाही. खरेपणाची कसोटी वेगळ्याच ठिकाणी शोधावी लागते.

३/ १८४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चंद्राची प्रतिमा उमटवली. त्यासाठी पत्र्यावर सुमारे वीस मिनिटे प्रकाश पडू द्यावा लागला. पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्र आकाशात दर दोन मिनिटांनी स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. तेव्हा इतका वेळ त्याचा पाठलाग करणे आलेच.

४/ १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात हार्वर्ड वेधशाळेच्या पंधरा इंची दुर्बिणीतून घेतलेले चंद्रचित्र मांडले गेले. त्याने प्रभावित होऊन वॉरन द ला रू हे कागदाच्या धंद्यातले गृहस्थ या कामाकडे वळले. चंद्र किंचित डुलतो, म्हणून वेगवेगळ्या वेळी त्याचा कोन थोडा बदललेला दिसतो. अशी दोन चित्रे शेजारी ठेवून त्यांनी चंद्रगोलाला उठाव आणला. डोळ्यांत हजारो मैलांचे अंतर असते, तरच माणसाला असा चंद्र दिसला असता!

५/ खरी अडचण हवेची होती. दुर्बिणीतला चंद्र वाहत्या पाण्याखालच्या खड्यासारखा थरथरतो. मधूनच हवा क्षणभर स्थिरावते आणि विवरातली बारीक भेगही लख्ख दिसते. सरावलेला डोळा तो क्षण टिपतो, बाकीचे सोडून देतो. छायाचित्राच्या काचेला ही निवड जमत नाही. तिच्यावर चांगले-वाईट सारे क्षण एकमेकांवर चढतात आणि बारकावे पुसले जातात.

६/ या अडचणीवर जेम्स नेस्मिथ यांनी विलक्षण उपाय काढला. वाफेच्या घणासाठी प्रसिद्ध असलेले हे अभियंते वयाच्या ४८ व्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झाले. वीस इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्यांनी वर्षानुवर्षे चंद्र रेखाटला. रेखाटनांवरून प्लास्टरचे नमुने केले, ते तिरप्या उन्हात ठेवले आणि त्या नमुन्यांची छायाचित्रे घेतली. जेम्स कारपेंटर यांच्यासह लिहिलेल्या १८७४ च्या चंद्रावरील ग्रंथात ती छापली गेली.

७/ म्हणजे त्या काळातली चंद्राची अत्यंत रेखीव 'छायाचित्रे' चंद्राची नव्हतीच! तरीही त्यांना फसवणूक म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण नमुने कसे केले हे ग्रंथातच सांगितलेले आहे. वाचकाच्या हाती चित्राबरोबर त्याची कुळकथाही दिली होती.

८/ आजचे हौशी छायाचित्रकार चंद्राचे चलच्चित्र घेतात. त्याच्या हजारो चौकटींतून संगणक स्थिर हवेच्या चौकटी निवडतो, त्या एकावर एक बसवतो आणि कडा ठळक करतो. नेस्मिथ यांचा डोळाही तेच करत होता: चांगला क्षण ठेवायचा, वाईट टाकायचा. फरक एवढाच की त्यांच्या चित्रात डोळा आणि नमुना यांच्यामध्ये स्मरण आणि हात आले.

९/ त्या फरकाची किंमतही मोजावी लागली. नेस्मिथ यांची शिखरे उंच आणि अणकुचीदार आहेत. उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, त्यामुळे साधा उतारही कडा वाटतो. नोव्हेंबर १९६६ मध्ये लूनर ऑर्बिटर-२ या यानाने कोपर्निकस विवराचे तिरपे चित्र घेतले, तेव्हा गोलसर, सौम्य चढ दिसले. चूक कुठे शिरली असावी हे मात्र उमगते, कारण कृती नोंदलेली होती.

१०/ याउलट २०२३ मधला प्रकार पाहावा. मुद्दाम धूसर केलेले चंद्राचे चित्र पडद्यावर ठेवून एका मोबाइलने त्याचा फोटो काढण्यात आला. फोटोत समोरच्या चित्रात नसलेले बारकावे उमटले! कृत्रिम बुद्धिमत्तेने ते पुरवले होते. येथे निवड नव्हती, भर होती. आणि फोटो काढणाऱ्याला ती भर कुठून आली हे चित्रावरून कळण्याची सोय नव्हती.

११/ मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हा विवेक नवा नाही. सभासदाची बखर शिवछत्रपतींच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. तशी आज्ञा झाल्याचे ती स्वतःच सांगते. नंतरची म्हणून ती कोणी फेकून देत नाही आणि जुनी म्हणून डोळे मिटून स्वीकारतही नाही. ती पारखून वापरली जाते. चित्रालाही हीच साधनचिकित्सा लागू करायला हवी.

१२/ म्हणून 'हे घडवलेले आहे काय?' हा प्रश्न अपुरा आहे. प्रत्येक बारकावा त्या रात्री दुर्बिणीत आलेल्या प्रकाशातून आला काय, आणि तो कसा आला हे सांगितले आहे काय, हे दोन प्रश्न विचारावेत. पुण्याचे छायाचित्र दोन्ही कसोट्यांना उतरते. नेस्मिथ यांची चित्रे पहिलीवर अडखळतात, दुसरीवर उतरतात. मोबाइलचा तो फोटो दोन्हीवर नापास होतो.

१३/ चंद्राचे छायाचित्र प्रसिद्ध करणाऱ्याने दुर्बीण, तारीख, चौकटींची संख्या आणि रंग किती गडद केले हे चार ओळींत लिहावे. पन्नास वर्षांनी ते चित्र साधन म्हणून हाती घेणाऱ्या अभ्यासकाला त्या चार ओळींचाच आधार असेल.