तासिकेत न मावणारा विषय

आठवडाभर कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात किंवा रुग्णालयाच्या समुपदेशन कक्षात काम करायचे आणि शनिवारी विद्यापीठात जाऊन मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला ‘नेतृत्व विकास’ हा विषय शिकवायचा, असा क्रम पाळणारे अर्धवेळ अध्यापक आपल्याकडे आढळतात. व्यवस्थेच्या लेखी ते पाहुणे असतात. सही करावी, तास घ्यावा आणि निघावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असते. वस्तुतः हा विषय शिकवायला अशीच माणसे हवीत; परंतु त्यांना ज्या रीतीने राबवले जाते, ती रीत विषयाच्या मुळावरच येणारी आहे.

नेतृत्वाचे सिद्धान्त पुस्तकातून शिकता येतात. फ्रेड फिडलर यांचा परिस्थितीसापेक्ष नेतृत्वाचा विचार असो वा बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये विस्ताराने मांडलेले परिवर्तनशील नेतृत्व असो. परीक्षेपुरते ते चार दिवसांत पाठ होते. पण कालच कामगारांच्या रागाला सामोरा गेलेला अध्यापक वर्गात उभा राहतो, तेव्हा त्या सिद्धान्ताला रक्तमांस लाभते. अनुभवाचे हे मोल विद्यापीठ अनुदान आयोगानेही ओळखले. २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची योजना आणताना आयोगाने पदवीपेक्षा किमान १५ वर्षांच्या अनुभवाला महत्त्व दिले.

मग अडते कुठे? याचे उत्तर या विषयातील एका गाजलेल्या प्रयोगातच सापडते. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतील आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले आणि प्रौढ नेत्यांच्या वेगवेगळ्या शैलींचा त्यांच्यावर होणारा परिणाम अभ्यासला. १९३९ मध्ये त्यांचा प्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. हुकमत गाजवणारा नेता समोर असेपर्यंत मुले राबत. तो खोलीबाहेर गेला की काम थंडावे. जिथे मुलांना विचारात घेऊन काम ठरे, तिथे नेता नसतानाही ते बऱ्याच अंशी चालू राही. नेतृत्वाची खरी कसोटी नेत्याच्या अनुपस्थितीत लागते, हे त्यातून दिसले.

अर्धवेळ अध्यापक तर आठवड्यातील सहा दिवस खोलीबाहेरच असतो! त्याच्या मागे विद्यार्थी काही करतात की पुढच्या शनिवारची वाट पाहतात, हीच त्याच्या अध्यापनाची परीक्षा होय.

या परीक्षेत उतरायचे तर केवळ मोकळीक देऊन भागत नाही. भारतीय मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये ग्रंथरूपाने मांडलेला विचार येथे मार्गदर्शक ठरतो. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या शब्दाकडे पाहण्याची सवय खोल रुजलेली असते. म्हणून कामाविषयी काटेकोर, पण माणसाविषयी मायाळू असा नेता येथे अधिक परिणामकारक ठरतो आणि सहकाऱ्यांची तयारी होईल तसतसा तो अधिकार त्यांच्याकडे सोपवतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अध्यापकालाही हेच करावे लागते. त्यासाठी विद्यार्थ्याला नावानिशी ओळखावे लागते, त्याने गटात घेतलेला निर्णय का फसला हे त्याच्याजवळ बसून समजून घ्यावे लागते.

व्यवस्थेच्या हिशेबात हे बसणे कुठेच नसते. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे साठ तास, इतके तिचे गणित सरळ असते. २०१९ मध्ये आयोगाने अतिथी अध्यापकांसाठी दर व्याख्यानामागे १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये मानधन ठरवले. मोजमापाचे एकक होते व्याख्यान! बोलण्याचे पैसे मिळतात, ऐकण्याचे नाहीत. अनेक अध्यापक हे काम निष्ठेने, पदरमोड करून करतात. ते वंद्यच आहे. परंतु व्यक्तीच्या त्यागावर संस्थेचे धोरण उभारणे हा त्या त्यागाचा गैरफायदा होय.

वेगळी वाट महाराष्ट्राला अपरिचित नाही. मानसशास्त्राचे अभ्यासक डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती बुद्धिमान विद्यार्थ्यांमधून समाजाला नेतृत्व मिळावे या हेतूने. तेथे वर्गातील पाठांइतकेच महत्त्व वर्गाबाहेरच्या अनुभवांना दिले गेले.

विद्यापीठांना यातून बोध घेता येईल. नेतृत्व विकासाच्या निम्म्या तासिका प्रत्यक्ष गटकार्यासाठी आणि व्यक्तिगत मार्गदर्शनासाठी राखाव्यात आणि त्यांचे मानधन व्याख्यानाइतकेच असावे. अध्यापकाची नेमणूक सत्र सुरू होण्यापूर्वी आणि निदान पूर्ण वर्षासाठी व्हावी. अर्धवेळ अध्यापक हा पूर्णवेळ पदे रिक्त ठेवण्याचा स्वस्त मार्ग मात्र ठरू नये; वर्गाचा कणा पूर्णवेळ प्राध्यापकच असतो.

समाजाचीही काही जबाबदारी आहे. ज्यांनी आयुष्यभर माणसे जोडली, संस्था चालवल्या, त्यांनी जवळच्या महाविद्यालयाला आठवड्यातील एक दुपार द्यावी. पालकांनीही पाल्याला केवळ किती गुण पडले हे विचारू नये. कोणती जबाबदारी पार पाडली, हेही विचारावे.

अध्यापक निघून गेल्यावरही ज्या वर्गात काम चालू राहते, त्या वर्गात नेतृत्व खऱ्या अर्थाने शिकवले गेले. तसे वर्ग घडवायचे असतील, तर अध्यापकाला तासाच्या घंटेतून आधी मोकळे करावे लागेल.