तळ्यातला मांगूर नदीत सोडू नका

पावसाळा तोंडावर आला. भीमाकाठी ज्यांच्या तळ्यात आफ्रिकी मांगूर आहे, त्यांच्याशी आज बोलायचे आहे. केंद्राने २००० साली या माशावर बंदी घातली, पुढे हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितले. तरी ‘थाय मांगूर’ म्हणून बीज मिळतेच. कोंबडीची आतडी टाकली की झपाट्याने वाढतो. मोह होतो, हे कळते.

पण हा मासा अधाशी. हवेत श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत जातो. तळे भरून वाहिले की ओढ्यातून थेट नदीत. नेमके तेव्हाच आपले मरळ, वाम, शिंगटा अंडी घालतात. अंडी, पिल्ले, हा सगळे गिळतो. उजनीत चिलापीने आधीच गर्दी केलीय. भोई बांधवांच्या जाळ्यात गावठी मासा राहिलाच किती?

तपासणीच्या धाकाने रातोरात मासे ओढ्यात सोडाल, तर बंदीचा उपयोग काय? मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा, मासे पकडून खड्ड्यात पुरा. चिखलातही हा जगतो, म्हणून तळ पुरता वाळू द्या. पुढचे बीज घेताना पावती मागा. कटला, रोहूला गिऱ्हाईक आहेच.