विश्लेषण : बंदुकीचा कायदा आमदारांच्या हातात नाही, मग नागरिकांनी त्यांच्याकडे मागायचे काय?

दहिसर-बोरिवलीतील गोळीबार असो, वांद्र्यातील हत्या असो की पोलीस ठाण्यातच झाडल्या गेलेल्या गोळ्या. प्रत्येक घटनेनंतर 'राज्य सरकारने शस्त्रांबाबत कडक कायदा करावा' ही मागणी पुढे येते. स्थानिक आमदारांना निवेदने दिली जातात, मोर्चे निघतात, विधिमंडळात गदारोळ होतो. मात्र भारतात शस्त्रांचा कायदा करण्याचा अधिकार विधानसभेला आहे का? नसेल, तर आमदारांकडे नेमके काय मागता येते? आणि अशा मागणीने आजवर काही बदलले आहे का?

प्रश्न ऐरणीवर का आला?

८ फेब्रुवारी २०२४ रोजी शिवसेना (ठाकरे गट) माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची बोरिवली पश्चिमेतील आयसी कॉलनीत फेसबुक लाइव्ह सुरू असताना गोळ्या झाडून हत्या झाली. हल्लेखोर मॉरिस नोरोन्हा याने नंतर स्वतःवरही गोळी झाडून घेतली. पोलिसांच्या माहितीनुसार वापरलेले पिस्तूल त्याचे नव्हतेच. ते त्याच्या अंगरक्षकाचे होते आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातील होता. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने हा तपास सीबीआयकडे सोपवला.

त्याच्या सहाच दिवस आधी, २ फेब्रुवारीला, उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला. कल्याण पूर्वचे तत्कालीन भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे (शिंदे गट) महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. येथे शस्त्र परवान्याचे होते आणि आरोपी स्वतः लोकप्रतिनिधी. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्रे पूर्वेत माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची हत्या झाली. तेथे मारेकऱ्यांकडे बेकायदा पिस्तुले होती. त्याआधी ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने सरकारी रायफलमधून गोळ्या झाडून चौघांचा बळी घेतल्याचा आरोप आहे.

या चार घटनांत तीन वेगवेगळ्या प्रकारची शस्त्रे दिसतात : परवान्याची, बेकायदा आणि सरकारी. तिन्हींची वाट वेगळी, जबाबदार यंत्रणा वेगळी आणि म्हणून उपायही वेगळा. 'कडक कायदा करा' या एका वाक्यात हा फरक हरवतो.

उपनगरांना हा अनुभव नवा आहे का?

अजिबात नाही. १९९४ मध्ये भाजपचे नेते रामदास नायक यांची वांद्र्यात हत्या झाली. जानेवारी १९९७ मध्ये कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांना पवईत, तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'टी-सीरिज'चे गुलशन कुमार यांना अंधेरीत गोळ्या घालण्यात आल्या. मार्च २००७ मध्ये घाटकोपरमधील नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांची घरात घुसून हत्या झाली. जून २०११ मध्ये पत्रकार ज्योतिर्मय डे यांना पवईत ठार करण्यात आले.

टोळीयुद्धाच्या त्या काळात राज्याने खरोखरच स्वतःचा कायदा केला. तो म्हणजे १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, अर्थात 'मकोका'. पण तो टोळ्यांविरुद्धचा कायदा आहे, बंदुकीविरुद्धचा नाही. हा फरक योगायोगाने आलेला नाही. त्याचे मूळ राज्यघटनेत आहे.

राज्याला शस्त्र कायदा का करता येत नाही?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन याद्या आहेत. शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय केंद्र सूचीतील पाचव्या क्रमांकाच्या नोंदीत आहे. म्हणजे त्यावर कायदा करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्य सूचीतील पहिले दोन विषय, तर फौजदारी कायदा समवर्ती सूचीत. त्यामुळे संघटित गुन्हेगारीवर विधानसभा कायदा करू शकते. मात्र 'एका व्यक्तीकडे किती बंदुका असाव्यात', 'परवाना किती वर्षांचा असावा' किंवा 'अट मोडल्यास शिक्षा किती' हे ठरवणे तिच्या कक्षेत नाही.

जे फौजदारी विषय कक्षेत आहेत, तेथेही मर्यादा आहेत. महिला अत्याचारांविरोधातील 'शक्ती' विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. केंद्रीय कायद्यांशी त्याचा छेद जात असल्याने राष्ट्रपतींची संमती आवश्यक होती. ती मिळाली नाही आणि कायदा अमलात आला नाही.

अमेरिकेत चित्र उलटे आहे. तेथे बंदुकीचे बरेच नियम राज्यांची विधिमंडळे ठरवतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत १७ जणांचा बळी गेला. वाचलेले विद्यार्थी थेट राज्याच्या राजधानीत, टॅलाहासीला, आमदारांना भेटायला गेले. महिन्याभराच्या आत, ९ मार्चला, बंदूक खरेदीचे किमान वय २१ करणाऱ्या कायद्यावर राज्यपालांची स्वाक्षरी झाली. बोरिवलीतील रहिवाशांनी हाच मार्ग धरला, तर ते चुकीच्या दारावर थाप मारत असतील. त्यांच्यासाठी ते दार दिल्लीत आहे.

सध्याचा कायदा काय सांगतो?

१९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम ही आजची चौकट. बंदूक बाळगणे हा भारतात हक्क नाही. परवानगीने मिळणारी ती सवलत आहे. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने या कायद्यात मोठी दुरुस्ती केली. एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. बेकायदा निर्मिती व विक्रीसाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप, तर विनापरवाना साधे अग्निशस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षे कैदेची तरतूद आली. लग्नात किंवा मिरवणुकीत निष्काळजीपणे हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते.

या दुरुस्तीतील एक तपशील महत्त्वाचा आहे. मूळ विधेयकात मर्यादा एका शस्त्राची होती. खेळाडू, शेतकरी, वारसाहक्काने शस्त्रे मिळालेली कुटुंबे यांच्या अडचणी मांडल्या गेल्या आणि मंजूर होताना ती दोन झाली. कायदा होत असताना दबाव कामी येतो, याचे हे ताजे उदाहरण. तो दबाव मात्र बंदूक बाळगणाऱ्यांच्या बाजूने होता.

मग त्रुटी कुठे आहे?

परवान्याच्या अटी मोडल्यास लागू होणाऱ्या कलम ३० मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा आहे. घोसाळकर हत्येनंतर अंगरक्षकावर ज्या कलमांखाली कारवाई झाली, त्यात हे कलमही होते. आजच्या मुंबईत दोन हजार रुपये ही पार्किंगच्या दंडाएवढी रक्कम झाली. ती वाढवायची तर संसदेतच दुरुस्ती हवी.

दुसरी त्रुटी अंमलबजावणीची. परवानाधारक ३० दिवसांहून अधिक काळ दुसऱ्या ठिकाणी शस्त्रासह राहायला गेला, तर तेथील परवाना प्राधिकरणाला कळवणे बंधनकारक आहे. परवान्यांची राष्ट्रीय माहिती प्रणालीही आहे. प्रत्येक परवान्याला त्यात विशिष्ट क्रमांक दिला जातो. तरीही परराज्यातून आलेला सशस्त्र सुरक्षारक्षक उपनगरातील एखाद्या कार्यालयात, सराफी पेढीत किंवा बिल्डरच्या दारात उभा असतो, तेव्हा त्याच्या बंदुकीची नोंद स्थानिक पोलीस ठाण्यात आहे की नाही, हे तपासणारे नियमित असे कोणी नसते. नोंद करण्याची सगळी भिस्त परवानाधारकाच्या प्रामाणिकपणावर राहते.

राज्याच्या हातात नेमके काय आहे?

बरेच काही. कायदा केंद्राचा असला, तरी तो राबवतात राज्याचे अधिकारी. मुंबईत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना, तर आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांना आहे. पोलिसांचा चौकशी अहवाल राज्याचे पोलीसच देतात. कलम १७ नुसार सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित वा रद्दही करता येतो. खासगी सुरक्षा संस्थांचे २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार नियमन करणे, त्यासाठी नियम बनवणे हेही राज्याचे काम.

शिवाय आयुक्तांनी परवाना नाकारला, तर अपील राज्य सरकारकडे जाते. २०२५ मध्ये पुण्यात हेच वादाचे कारण ठरले. गुंड नीलेश घायवळ याच्या भावाला पोलिसांनी परवाना नाकारला असताना गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी अपिलात तो देण्याचा आदेश दिल्याचे समोर आले. विरोधकांनी राजीनाम्याची मागणी केली. संबंधित व्यक्तीची न्यायालयातून निर्दोष मुक्तता झाली होती, असा खुलासा कदम यांनी केला. प्रत्यक्षात पुणे पोलिसांनी परवाना दिला नाही. बंदुकीचा प्रश्न 'केंद्राचा विषय' म्हणून राज्याला झटकता येत नाही, हे या प्रकरणाने दाखवले.

बेकायदा शस्त्रांबाबतही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या समित्या नेमून कृती आराखडा तयार करण्यास सांगितले. महाराष्ट्राच्या आराखड्याचे काय झाले, हा प्रश्न विचारण्याची हक्काची जागा विधिमंडळच आहे.

नागरिकांच्या दबावाने काही बदलते का?

बीडचे उदाहरण बोलके आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. हत्या बंदुकीने झाली नव्हती. पण त्यानंतर जिल्ह्यात बंदुका मिरवणाऱ्यांचे, हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडीओ चर्चेत आले. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी जिल्ह्यात १,२२२ परवाने असल्याचा आकडा मांडला आणि इतर जिल्ह्यांशी तुलना केली. मोर्चे निघाले, विधिमंडळात प्रश्न गाजला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी परवान्यांच्या फेरतपासणीचे आदेश दिले आणि प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. यासाठी कोणताही नवा कायदा लागला नाही. होता तोच वापरला गेला. प्रश्न एवढाच, की त्यासाठी एका सरपंचाचा जीव जाण्याची वाट का पाहावी लागली?

राज्याच्या विधेयकावर नागरिकांचे म्हणणे पोहोचते का, याचे उत्तर महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकात सापडते. डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेले हे विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीने १ एप्रिल २०२५ पर्यंत सूचना मागवल्या आणि १२ हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या. अनेकांची मागणी विधेयक मागे घेण्याची होती. ती मान्य झाली नाही. जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झाले. मात्र त्याआधी उद्दिष्टातील 'व्यक्ती आणि संघटना' हा मोघम उल्लेख बदलला गेला आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देण्यात आला. म्हणजे हजारो पत्रांनी विधेयक थांबले नाही, पण त्यातील शब्द बदलले. कायद्यात शब्दाला किंमत असते.

उपनगरवासीयांनी कोणाकडे काय मागावे?

कायद्यातील बदल, म्हणजे कलम ३० मधील शिक्षा किंवा परराज्यातील परवान्याच्या नोंदीची सक्ती, हा खासदारांचा विषय. बोरिवली-दहिसर उत्तर मुंबई मतदारसंघात येतात, अंधेरी वायव्य मुंबईत, तर मुलुंड व घाटकोपर ईशान्य मुंबईत. विधानसभेलाही अशासकीय ठराव मंजूर करून केंद्राला शिफारस करता येते. तो बंधनकारक नसतो, पण राजकीय वजन असते.

मुंबई उपनगर जिल्ह्यातील २६ आमदारांकडे मात्र अंमलबजावणीचा हिशेब मागता येतो. तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना ही त्यांची हत्यारे. गेल्या पाच वर्षांत मुंबईत किती परवाने दिले, किती रद्द केले? आयुक्तांनी नाकारलेले किती परवाने मंत्रालयातील अपिलात मंजूर झाले? परराज्यातील परवान्यावर किती सशस्त्र रक्षक शहरात काम करतात आणि त्यांची पडताळणी कधी झाली? गुन्हा दाखल असलेल्या किती जणांकडे आजही शस्त्र आहे? यांची उत्तरे सभागृहात द्यावी लागतात आणि ती नोंदली जातात. विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे थेट अर्जही करता येतो. परवान्यांची एकूण संख्या माहिती अधिकारातही मागता येते.

अडचण काय?

सर्वांत अवघड बाब अशी, की ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्यापैकी अनेक जण स्वतः परवानाधारक किंवा सशस्त्र संरक्षणातील असतात. परवान्यासाठीच्या शिफारशीही राजकीय वर्तुळातून येतात. दुसरीकडे व्यापारी, सराफ, खंडणीच्या धमक्या आलेले नागरिक आणि नेमबाज यांची गरज खरी असते. सरसकट बंदी हा त्यावर उपाय नाही. शिवाय परवान्याची शिस्त कितीही कडक केली, तरी सिद्दिकी यांच्या मारेकऱ्यांनी परवाना मागितला नव्हता. बेकायदा पिस्तूल रोखणे हे शेवटी पोलिसांच्या माहितीजाळ्याचे आणि राज्यांमधील समन्वयाचे काम आहे.

म्हणूनच 'कडक कायदा करा' ही मागणी सरकारला सोयीची ठरते. तिला 'हा केंद्राचा विषय आहे' असे उत्तर देऊन मोकळे होता येते. 'आहे तो कायदा तुम्ही कोणासाठी वापरला आणि कोणासाठी वाकवला, याची यादी सभागृहात ठेवा' या मागणीला तेवढे सोपे उत्तर नाही.