कागदाच्या घडीसाठी सातासमुद्रापार?

कागदाची होडी ज्याने कधी केली नाही असा मुलगा विरळा. पहिल्या पावसाचे पाणी अंगणातून वाहू लागले की वह्यांची पाने कमी होऊ लागतात, हे प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. होडी, विमान, टोपी आणि दौत एवढ्यावर आपल्यापैकी बहुतेकांची ही विद्या संपते आणि इयत्ता वाढली की तीही विसरली जाते. अशा या बालखेळासाठी गणिताचे प्राध्यापक, अभियंते, नोकरदार, नातवंडे असलेल्या आजीबाई आणि शाळकरी मुले दूरदूरच्या देशांतून प्रवास करून अधिवेशनास जमतात, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्यास हसू आल्यावाचून राहत नाही. ‘एवढा पैसा, एवढा वेळ, आणि तो कागदाच्या घड्यांवर?’ हा प्रश्न ओठांवर येतोच. प्रश्न रास्त आहे. त्याचे सरळ उत्तर शोधावे असे आम्हांस वाटते, कारण त्या उत्तराचा संबंध शेवटी आपल्या शाळेच्या वेळापत्रकाशी येऊन भिडतो.

‘ओरि’ म्हणजे घडी घालणे आणि ‘कामी’ म्हणजे कागद. या दोन जपानी शब्दांवरून ओरिगामी हे नाव आले. कातर नाही, डिंक नाही. एक चौरस कागद आणि दोन हात एवढेच तिचे साहित्य. या कलेची अधिवेशने आज अनेक देशांत भरतात. न्यूयॉर्क येथे लिलियन ओपनहायमर या बाईंनी १९५८ साली ओरिगामीचे केंद्र सुरू केले. त्यातूनच पुढे वाढलेली संस्था आज ‘ओरिगामी यूएसए’ या नावाने ओळखली जाते आणि तिचे वार्षिक अधिवेशन वर्षानुवर्षे न्यूयॉर्कला भरत आले आहे. ब्रिटनमधील ओरिगामी संस्था १९६७ सालची. तिचे मेळावे निरनिराळ्या गावी होतात. जपानमधील अभ्यासकांचे अधिवेशन ऑगस्ट महिन्यात टोकियोस भरते.

संमेलन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच व्यासपीठ, हारतुरे, लांबलेली प्रास्ताविके आणि शेवटी आभारप्रदर्शन उभे राहते. ओरिगामीच्या अधिवेशनाचा थाट निराळा. तेथे मुख्य कार्यक्रम भाषणांचा नसून वर्गांचा असतो. कोणत्या खोलीत, कोणत्या तासाला, कोणती आकृती शिकविली जाईल आणि ती सोपी, मध्यम की कठीण, हे तक्त्यावर लिहिलेले असते. ज्याने त्याने आपला वकूब ओळखून वर्ग निवडावा. शिकविणारे बहुतांशी स्वयंसेवक. एका तासाला जो शिक्षक असतो तोच पुढच्या तासाला दुसऱ्याच्या टेबलाशी विद्यार्थी होऊन बसतो. ज्याला आकृती नीट शिकविता येते तो शिक्षक, मग त्याचे वय कितीही असो. वर्ग संपले तरी माणसे उठत नाहीत. रात्री उशिरापर्यंत टेबलाभोवती घड्या चालूच राहतात. एखाद्या प्रसिद्ध कलावंताला शेजारच्या खुर्चीवरील मूल विचारते, ‘ही घडी कशी घातलीत?’ आणि तो कलावंत आपली आकृती उलगडून दाखवितो.

आमच्या मते प्रवासाचे सार्थक येथेच आहे. पुष्कळ विद्या जगात आहेत, परंतु त्या बाळगणारे लोक त्यांवर कुलूप घालून बसतात. गुरूने शेवटचा डाव शिष्यापासून राखून ठेवल्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. ओरिगामीतही असा काळ होऊन गेला. ती आजीकडून नातीकडे, हातातून हातात जाई. हात थांबला की आकृतीही हरवे. ही अडचण दूर करण्यात मोठा वाटा उचलणारे गृहस्थ म्हणजे जपानचे अकिरा योशिझावा. त्यांचा जन्म १९११ चा. तरुणपणी ते कारखान्यात कामास होते आणि तेथील नव्या कामगारांना भूमिती समजावून देताना कागदाच्या घड्यांचा उपयोग करीत. पुढे या एकाच ध्यासापायी त्यांनी नोकरी सोडली आणि दारोदार खाद्यपदार्थ विकून उदरनिर्वाह केला. १९५४ साली त्यांचा नव्या ओरिगामीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, १९५५ साली ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात त्यांच्या आकृतींचे प्रदर्शन भरले आणि १९८३ मध्ये जपान सरकारने त्यांस मानाचे पदक दिले. २००५ साली ते निवर्तले. परंतु पदकापेक्षाही मोठी अशी एक वस्तू ते मागे ठेवून गेले. ती म्हणजे त्यांची चिन्हलिपी. तुटक रेघ म्हणजे दरीसारखी आत दबणारी घडी. रेघ आणि ठिपके म्हणजे डोंगरासारखी वर उठणारी घडी. बाण म्हणजे कागद कोणीकडे न्यावयाचा ती दिशा. या खुणा पुढे इतर देशांतील लेखकांनी उचलल्या, थोड्या सुधारल्या आणि त्या सर्वत्र रूढ झाल्या. जपानी अक्षर न ओळखणारा मनुष्यही जपानी पुस्तकावरून बगळा करू शकतो तो त्यांच्यामुळे.

ही विद्या एका देशाची मिरासही नव्हे. जर्मनीतील शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी आपल्या बालोद्यानात कागदाच्या घड्यांना स्थान दिले आणि त्यांची पद्धती १८७६ मध्ये टोकियोतील बालोद्यानापर्यंत पोहोचली. त्याच फ्रोबेलच्या साहित्यावरून आपल्या देशातील एका गृहस्थांना कल्पना सुचली. तंडलम सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रास येथे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे पुस्तक प्रसिद्ध केले. जर्मनीचे थोर गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची वाखाणणी केली आणि १९०१ मध्ये त्याची आवृत्ती शिकागो येथे निघाली. १९३६ साली इटलीतील फेर्रारा येथील मार्गेरिता बेलोक या गणिती विदुषीने दाखवून दिले की पट्टी व कंपास जेथे हात टेकतात ते घनसमीकरण कागदाच्या घडीने सोडविता येते. त्याच फेर्रारात १९८९ साली ओरिगामीच्या शास्त्रावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. नंतरच्या परिषदा जपान, अमेरिका, सिंगापूर आणि इंग्लंड येथे झाल्या. आठवी २०२४ मध्ये मेलबर्नला झाली. जपानी शास्त्रज्ञ कोर्यो मिउरा यांची एका ओढीत उघडणारी घडी १९९५ साली अवकाशयानावरील सौरपट्टासाठी वापरली गेली. मद्रासेचे पुस्तक शिकागोत छापले जाते आणि आपल्या शाळांत मात्र त्याचे नावही क्वचितच निघते, याचे वैषम्य वाटल्यावाचून राहत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, सर्व काही पुस्तकांत आणि पडद्यावर उपलब्ध असताना प्रवासाचा खटाटोप कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे. अधिवेशनांच्या निमित्ताने आकृतींचे संग्रह छापले जातात आणि ते घरबसल्या मागविता येतात. २०२० मध्ये महामारीने जग घरात कोंडले गेले तेव्हा ओरिगामीकारही पडद्यावरच भेटले, आणि ज्यांस कधी प्रवास घडला नसता अशांनाही त्यामुळे या मंडळींत बसता आले. तरीही पडदा आपली चूक पाहत नाही. आपली घडी केसभर चुकली तर शेजारचा मनुष्य बोट ठेवून दाखवितो. पडद्यावरील हात मात्र पुढच्या घडीकडे निघून गेलेले असतात. शिवाय पडद्यासमोर आपण फक्त घेणारे असतो. टेबलाशी बसलो म्हणजे द्यावेही लागते.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. परदेशचा प्रवास सामान्य कुटुंबास परवडणारा नव्हे. जो केवळ दुर्मिळ कागद विकत घेण्यास, नामवंतांच्या सह्या गोळा करण्यास आणि छायाचित्रे दाखविण्यास जातो, त्याचे जाणे व्यर्थ आहे असे आम्ही स्पष्टपणे म्हणू. एकाच्या प्रवासाचा लाभ शंभरांना झाला तरच तो खर्च सत्कारणी लागतो.

येथे आपल्या बडोद्याचाच दाखला पुरेसा आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज अनेक वेळा परदेशी गेले. १९०६ साली ते अमेरिकेसही जाऊन आले. राजाने परदेशाहून झुंबरे आणि आरसे आणावेत ही त्या काळची रीत. महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले आणि संस्थानात वाचनालयांचे जाळे विणले, फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यांत पोहोचविली. तत्पूर्वी १८९० साली त्यांनी कलाभवन स्थापून हाताच्या विद्येस पुस्तकी विद्येच्या शेजारी मानाने बसविले होते. दादासाहेब फाळके तेथेच शिकले. परदेशाहून वस्तू आणावी की रीत आणावी, या प्रश्नाचे उत्तर आपल्या नगरीने असे फार पूर्वीच दिले आहे.

मग ओरिगामीच्या अधिवेशनातून कोणती रीत आणावी? आमच्या मते दोन. पहिली देण्याची, दुसरी ऋण मानण्याची. तेथे आकृती शिकविताना ती कोणाची हे सांगण्याचा आणि जिवंत कलावंताची असल्यास त्याची अनुमती घेण्याचा परिपाठ आहे. तो कोणी मोडला तर ही उदार माणसे गप्प बसत नाहीत. २०११ साली अमेरिकेतील रॉबर्ट लँग व आणखी काही ओरिगामीकारांनी एका चित्रकर्तीविरुद्ध दावा लावला. आपले घड्यांचे आराखडे न विचारता तिने चित्रांत वापरले, अशी त्यांची तक्रार होती. २०१३ मध्ये तो दावा आपसांत मिटला. सर्व काही मोकळ्या हाताने देणारे लोक नावासाठी का भांडले, असे कोणास वाटेल. परंतु दान आणि चोरी यांत जो भेद आहे तो नावाचाच आहे. शेजाऱ्याची वही उतरवून तिच्यावर आपले नाव घालणाऱ्या विद्यार्थ्याने यावर क्षणभर विचार करावा.

आणि या दोन्ही रीती रुजावयाच्या तर शाळेत हाताला तास हवा. कोठे त्यास हस्तव्यवसाय म्हणतात, कोठे कार्यानुभव. परंतु परीक्षा जवळ आली की पुष्कळ शाळांत पहिला बळी त्याचाच जातो. ‘तो तास गणिताला द्या’ असे पालकच म्हणतात. त्यांस आमचे उत्तर एका घडीत देता येते. एक चौरस कागद घ्या. त्याचा खालचा उजवा कोपरा वरच्या कडेच्या बरोबर मध्यावर आणून घडी दाबा. वर उजवीकडे जो काटकोन त्रिकोण उरतो त्याच्या बाजू ३, ४, ५ या प्रमाणात असतात. आणि वळलेली खालची कड डाव्या कडेस जेथे छेदते तेथे त्या कडेचा खालून बरोबर तिसरा भाग होतो. मोजपट्टी लागत नाही. त्सुकुबा विद्यापीठातील जीवशास्त्राचे अध्यापक काझुओ हागा यांनी हे दाखविले. असे का होते ते पायथागोरसच्या सिद्धांताने शोधण्याचे काम आम्ही वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांवर सोपवितो. हा तास हस्तव्यवसायाचा झाला की गणिताचा, हे पालकांनीच ठरवावे.

आमची सूचना एवढीच की, वर्षातून एका शनिवारी शाळेतील बाके जोडून चार टेबले मांडावीत. पाचवीच्या मुलाला येत असेल तर त्याने दहावीच्या मुलाला शिकवावे. आजोबांना दौत येत असेल तर त्यांनाही बोलवावे. शिकविणाऱ्याने आरंभी एक वाक्य म्हणावे, ‘हे मला अमक्यांनी शिकविले.’ वर्तमानपत्राचा कागद चालेल. शाळेतील एखादा विद्यार्थी पुढे खरोखरच टोकियोस किंवा न्यूयॉर्कला गेला तर त्याने अवश्य जावे, आणि परत आल्यावर पुढच्या शनिवारी टेबलाशी बसावे. जो जाऊ शकणार नाही, त्याचेही त्या दिवशी काही अडणार नाही.