अबोलीचे बी

देवासच्या मावशीने गेल्या वर्षी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "येताना अबोलीचे बी आण रे." १९६८ साली लग्न होऊन गोव्यातून गेली तेव्हा तिने पदराच्या गाठीत बी नेले होते. त्यापासून वाढलेली शेवटची कुंडी माळव्याच्या थंडीत गेली.

मी शहाणपणा केला. बी कुठे शोधत बसा, म्हणून नर्सरीतून गर्द नारिंगी फुलांचे रोपच नेले. मावशीने बघितले आणि विचारले, "याला बोंड धरते का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आता आहे. बाजारात 'दिल्ली' म्हणून खपणारी ही जात त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली. तिला बी धरत नाही, फांदी लावूनच ती वाढते. फुले भरपूर, पण पुढची पिढी नर्सरीवाल्याच्या हातात!

आमची परसातली अबोली तशी नाही. पावसाचे थेंब पडले की सुकलेले बोंड तडकते आणि आतल्या चार बिया दूर उडतात. नाव अबोली, पण बी पेरताना आवाज करते.

शास्त्राच्या दप्तरातही तिची बदली झालेली आहे. लिनियसने १७५९ साली तिची नोंद जस्टिशियात, म्हणजे अडुळशाच्या घरात केली. १८३२ साली नीस याने तिला क्रॉसँड्रात हलवले. 'इन्फंडिब्युलिफॉर्मिस', नरसाळ्यासारखी, हे पाळण्यातले नाव मात्र राहिले, आणि लिनियसचे नाव कंसात. आमच्या कचेरीत नाव बदलले की जुना कागद फायलीतून गायब होतो, म्हणून मला त्या कंसाचे भारी कौतुक. कुळ अकँथेसी, म्हणजे कोरांटी आणि कारवी तिच्या चुलतबहिणी.

मावशीच्या गावाला हे नवे नाही. धारला पवारांची एक गादी, पण देवासला एकाच गावात थोरली आणि धाकटी अशा पवारांच्या दोन गाद्या १९४८ पर्यंत होत्या. दोन दप्तरे, गाव एकच.

नर्सरीतले रोप वाईट असे मी म्हणत नाही. फाती करायला ते सरसच. पण विकताना 'बी धरत नाही' एवढे तरी सांगा! आणि आपण अंगण फरशी घालून गुळगुळीत करताना तुळशीजवळचे जुने झाड उपटू नये. परक्या मुलखात कुणीतरी त्याचे बी मागत असते.

यंदा शेजारच्या आजींच्या परसातून तीन बोंडे मिळाली. कागदाच्या पुडीत बारा बिया आहेत. पुडी कोरडी ठेवली आहे.