हत्यारपेटी : आबांची ठासणी

मंडळी, संपादकांनी या सदराला 'हत्यारपेटी' नाव दिलं तेव्हा पाने, कानशी, छिन्न्या एवढंच माझ्या डोक्यात होतं. आतापर्यंत सायकल झाली, शिलाई मशीन झालं, गेल्या दिवाळीत पाट्याला टाकी लावण्यावर लिहिलं. यंदा या शब्दाचा दुसरा अर्थ घ्यावा लागतोय. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. त्याच्या मुलाने मे महिन्यात मला फोटो पाठवला. पुठ्ठ्याच्या लांब खोक्यात अर्धवट घडवलेलं लाकूड, एक अष्टकोनी नळी आणि छोट्या पिशव्यांत भरलेले सुटे भाग. खाली लिहिलं होतं, "काका, चकमकीची बंदूक जोडायची आहे. शनिवारी वेळ आहे का?"

वेळ होताच. बहारीनच्या उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळी पाचला घराबाहेर कोण पडतंय? आमचे पाच म्हणजे त्याचे सकाळचे दहा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी त्याचं गॅरेज माझ्या फोनमध्ये आणि माझं डोकं त्याच्या फोनमध्ये, असा आमचा कारखाना चालला. हात त्याचे, फिटरगिरी माझी.

आधीच एक सांगून ठेवतो. हे वाचून कोणाला उत्साह आला तर त्याने असलं खोकं इथे मागवण्याच्या फंदात पडू नये. आपण पाहुणे आहोत आणि पार्सलात निघालेली बंदुकीची नळी कस्टमच्या माणसाला 'छंद आहे हो' म्हणून समजावता येत नाही. अमेरिकेत मात्र 1968च्या कायद्याने 1898 पर्यंतच्या जुन्या बंदुका आणि तोंडाकडून दारू भरायच्या जुन्या पद्धतीच्या बंदुका वेगळ्या काढल्या. त्यामुळे हा संच पोस्टाने घरी येतो. राज्याराज्यांचे नियम वेगळे, ते पुतण्याने बघितले होते. गंमत अशी की 1898 हे साल आपल्या या बेटालाही लागू आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बहारीनचे शेख ईसा बिन अली यांनी इंग्रजांशी करार करून हत्यारांच्या आयात-निर्यातीला बंदी घातली होती.

आता काम. चकमकीच्या बंदुकीत तीन गोष्टी असतात : दस्ता, नळी आणि चापाची यंत्रणा. विकत आणलेल्या संचात तिन्ही मिळतात, पण त्या एकमेकांत बसत नाहीत. बसवणं हेच काम. लाकडात नळीसाठी खाच असते, ती मुद्दाम थोडी कमी कोरलेली. नळीला काजळ लावायची, खाचेत दाबायची, उचलायची. लाकडावर जिथे काळा डाग उमटला तिथे ते अडतंय. तेवढाच डाग छिन्नीने खरवडायचा. परत काजळ, परत दाबा, परत उचला.

हे ऐकून मला सित्राचं आमचं जुनं वर्कशॉप आठवलं. तिथे बेअरिंग बसवताना आम्ही शाफ्टला निळा रंग लावायचो आणि डाग बघून खरवडायचो. पद्धत तीच, फक्त रंग वेगळा. पुतण्याने काजळ विकत आणायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, घरात निरांजन आहे ना? त्यावर वाटी पालथी धर. पुढचे चार शनिवार त्याच्या आईच्या देव्हाऱ्यातलं निरांजन गॅरेजमध्ये होतं. नळी पूर्ण बसायला साठ-सत्तर वेळा उचल-ठेव झाली असेल. तरुण पोरांना एवढा धीर नसतो म्हणतात. याला होता, आणि नंतर कारण कळलं तेव्हा मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

यंत्रणेचं बघू. घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळलेली गारगोटी आवळलेली असते. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गारगोटी एका पोलादी झाकणावर घासते, झाकण उघडतं आणि ठिणग्या खालच्या वाटीत पडतात. त्या वाटीतल्या बारीक दारूला आपल्याकडे 'रंजक' म्हणत. रंजक भडकली की जाळ नळीच्या बाजूच्या भोकातून आत जातो आणि मुख्य बार उडतो. त्या भोकाला मराठीत बंदुकीचा 'कान' म्हणतात. कधी रंजक नुसतीच भडकते आणि आतला बार उडत नाही. 'फुसका बार' आपण निवडणुकीच्या भाषणांना म्हणतो, ती शिवी मूळची इथली असावी असं मला वाटतं.

लोकांना वाटतं की ठिणगी दगडातून निघते. दगड फक्त खरवडतो. झाकणाच्या पोलादाचे केसाएवढे बारीक कण सुटतात, हवेत पेटतात, ती ठिणगी. म्हणून झाकण पुरेसं कडक लागतं. मऊ असेल तर ओरखडा उठतो, उजेड पडत नाही. पुतण्याच्या झाकणाचं तेच झालं. वीस वेळा चाप ओढला, ठिणगी एखाद-दुसरी. मी म्हटलं, कानस फिरव. कानस चावली. म्हणजे पोलाद नरम. मग ते लालबुंद तापवून, लोहचुंबक चिकटेनासं झालं की तेलात बुडवायला सांगितलं. अशाने ते काचेसारखं ठिसूळही होतं, म्हणून पुन्हा हलक्या आचेवर गवतासारखा पिवळा रंग येईपर्यंत ठेवायचं. ते भावजयीच्या ओव्हनमध्ये झालं. त्याच ओव्हनमध्ये ती नानकटाई करते, त्यामुळे तिने दोन दिवस आम्हा दोघांशीही बोलणं सोडलं होतं. पण नंतर ठिणग्यांचा जो फवारा पडला तो मला इथे फोनच्या पडद्यावरसुद्धा स्वच्छ दिसला. आपलं भुईनळं जसं सुरू होतं ना, तसा.

नळीला रंग देण्याची रीत तर आपण बहारीनकरांनी हसावं अशी आहे. नळीला मुद्दाम गंज चढवायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. असं केलं की तपकिरी, मखमली थर बसतो. त्यासाठी दमट हवा हवी. पोराने न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ केली. मी त्याला म्हटलं, ऑगस्टमध्ये ती नळी आमच्या गॅलरीत एक दुपार ठेवली असतीस तरी भागलं असतं.

शब्दांचा एक नाद मला या निमित्ताने लागला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. चकमकीच्या आधीची ती तोड्याची बंदूक. तिला जळत्या सुताच्या दोरीने, म्हणजे तोड्याने, बत्ती देत. आखातातल्या जुन्या अरबी बंदुकाही तशाच, त्यांना इथे 'अबू फतीला' म्हणतात. वातीचा बाप! अरबीतला फतीला फारसीतून आपल्याकडे आला आणि 'पलिता' झाला. आणि बाब अल-बहारीनच्या मागच्या बाजारात दिवाळीच्या सुक्यामेव्याला जाल तेव्हा हेझलनट मागताना दुकानदार काय म्हणतो ते ऐका : 'बुंदुक'. त्या फळाएवढ्या गोळीवरून हत्याराला नाव पडलं असं सांगतात, आणि आपली बंदूक त्याच घरातली.

मावळ्यांच्या हाती बहुतेक करून तोड्याचीच बंदूक होती. आपल्या मुलांच्या किल्ल्यावरचे प्लॅस्टिकचे सैनिक काय धरून उभे असतात ते विचारू नका. चकमकीची बंदूक आपल्याकडे मोठ्या संख्येने आली ती कवायती पलटणींबरोबर. पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी होते, पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन्यकडून फौज उभी करवली आणि तिच्यासाठी आग्र्याला बंदुकाही बनवल्या जात. कोकणातल्या पावसात जळता तोडा सांभाळणं म्हणजे काय दिव्य असेल ते कोकणातल्या माणसालाच कळेल. चकमकीलाही पाऊस मानवत नाही, पण निदान दोरी पेटती ठेवायला नको. पेनसिल्व्हेनियात तर अजून हिवाळ्यात हरणांच्या शिकारीचा एक खास मोसम असतो, त्यात फक्त चकमकीचीच बंदूक चालते. तिथल्या लँकेस्टर भागातल्या जर्मन लोहारांनी अठराव्या शतकात ही लांब नळीची रायफल घडवली, त्याचा त्यांना अभिमान. रायफल म्हणायचं कारण नळीच्या आत पेचदार आटे असतात, गोळी फिरत जाते आणि सरळ जाते.

आमच्या आबांची बंदूक रायफल नव्हती. साधी, आतून गुळगुळीत नळीची, केपाची ठासणी. केप म्हणजे तुम्ही-आम्ही दिवाळीत पिस्तुलात घालून फोडलेल्या टिकलीची थोरली बहीण. तिचा शोधही मजेदार आहे. फोर्साइथ नावाचा एक स्कॉटिश पाद्री होता. तो पक्षी मारायला जायचा आणि वाटीतली रंजक भडकली की तो उजेड बघून पक्षी उडून जायचे. म्हणून त्याने आघाताने पेटणारी दारू वापरायची युक्ती काढली आणि 1807 मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे केप आली. गारगोटीचे दिवस तिथून भरले.

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरात ती ठासणी माजघराच्या आढ्याला टांगलेली असायची, आईने जुन्या गादीपाटाची शिवलेली खोळ घालून. दस्ता एकदा मोडला तेव्हा गावच्या सुताराने शिवणीचा बसवून दिला. आबांनी ती कधी कोणावर रोखलेली मी पाहिली नाही. भात पिकायला आलं की रात्री मांगरात बसायचं, गजाने नुसती दारू आणि चिंध्या ठासायच्या आणि आवाजाचा बार काढायचा. डुकरं पळायची. दुसऱ्या रात्री पुन्हा यायची. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की परत. आम्ही भावंडं तिला घरातलं औत समजायचो.

आबा गेल्या वर्षी गेले. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. बंदूक ठाण्यात जमा झाली आणि आम्हा तिघा भावांना एकेक कागद आला : वारसांपैकी कोणाला हवी आहे? वारसाला परवाना मिळू शकतो, नियमात तशी सोय आहे. पण अर्ज केला की ठाण्याचा अहवाल जातो, माणूस कुठे राहतो, कशासाठी हवी, हे बघतात. थोरला भाऊ डोंबिवलीला, मी इथे, धाकटा तिकडे. थोरल्याला ती दिवाणखान्यात लावायची होती. त्यावरून आमच्यात फोनवर बरंच झालं. मधल्या काळात गावच्या चुलतभावाचा फोन आला. आमच्या वाटणीची शेतीही तोच करतो. म्हणाला, "थंय तुझो पुतणो हौसेन बंदूक बनयता, आणि हंय माझ्या भातात डुकरां लोळतत."

त्याला उत्तर नव्हतं. 1959च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. ज्याला खरोखर शेत राखायचं आहे त्याच्यासाठीच तो आहे. डोंबिवलीतल्या भिंतीला डुकरं येत नाहीत, असं मी थोरल्याला स्पष्ट सांगितलं. तो रागावला, पंधरा दिवस बोलला नाही, मग त्यानेच वकिलाकडून मसुदा करून पाठवला. आम्ही तिघांनी ना-हरकत द्यायची, चुलतभावाने स्वतःच्या नावावर परवान्याचा अर्ज करायचा, परवाना झाला की बंदूक त्याला. माझी सही इथल्या दूतावासात साक्षांकित झाली. अर्ज दाखल झाला आहे. निकाल यायचाय.

हे सगळं पुतण्याला त्याच्या बापाकडून कळत होतं. त्याने बंदूक मागितली नाही, मागून मिळणारही नव्हती. लहानपणी एका मे महिन्यात आबांनी त्याला ती रिकामी ठासणी खांद्याला लावायला दिली होती, एवढीच त्याची तिच्याशी ओळख. त्याने एकच गोष्ट विचारली. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर किती?

चुलतभाऊ नंबर पडताळायला ठाण्यात गेला तेव्हा खिशात टेप घेऊन गेला. हवालदार म्हणाला, मोजा, पण हलवू नका. तेरा इंच भरलं. आबा बुटके होते, आणि सुताराने दस्ता त्यांच्या मापाने केला होता. खोक्यातून आलेला दस्ता पावणेचौदा इंचांचा होता. मी म्हटलं, अरे, तू सहा फूट, तुला तो आहे तसाच बरा. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी त्याने फोन टेबलावर उभा करून ठेवला, पेन्सिलीने रेघ मारली आणि पाऊण इंच कापून टाकला. मग पितळेची पट्टी बसवायला पुन्हा काजळ लावायला घेतली.