आईंची सोनेरी कॅप्सूल



गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्वाच्या सहाव्या दिवशी माझ्या सासूबाईंना मंदिरातच चक्कर आली. उमरीतल्याच आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. वरचा रक्तदाब १९० निघाला. "आजी, गोळी चालू आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं. आई गप्प.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बीपीची गोळी त्या रात्री झोपताना घेत. पर्वात सूर्यास्तानंतर पाणी बंद, म्हणून गोळीही बंद! पण हृदयाला चांगली म्हणून एक सोनेरी कॅप्सूल मात्र एकाशनाच्या जेवणाबरोबर न चुकता चालू होती. ओळखीच्या एका बाईंनी घरी येऊन डबी विकली होती. "नैसर्गिक आहे, अपाय काही नाही, पुढं गोळ्याही सुटतील," असं सांगून.

मी डबी हातात घेऊन फिरवली. बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: माशाचं तेल, कवच जिलेटिनचं. कोपऱ्यात तपकिरी त्रिकोण. रक्तदाबाचं आईंना काही वाटलं नाही, पण त्या माशासाठी त्या दोन दिवस रडल्या. मला दोन्हींचं वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. बिस्किटाच्या पुड्यावरची हिरवी खूण बघणारी मी, ही डबी दोन महिने देवघराशेजारच्या फळीवर होती तरी उघडून वाचली नव्हती.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. डॉक्टरांच्या गोळीची जागा कुठल्याही पूरक कॅप्सूलला देऊ नका. आणि जी घ्याल, ती आधी वाचून घ्या.

काय वाचायचं? जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातडीपासून करतात. ओमेगा-३ बहुतेक वेळा माशाचं असतं. ड जीवनसत्त्व, म्हणजे डी-३, बरेचदा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. कोलेस्टेरॉलसाठी म्हणून लसणाच्या कॅप्सूलही मिळतात. पूरक आहाराच्या डबीवर हिरवी किंवा तपकिरी खूण असते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधावर मात्र तशी खूण सक्तीची नाही. तिथं विचारायला लाजू नका: "डॉक्टर, हेच कॅप्सूलऐवजी साध्या गोळीत मिळेल का?" पण विचारण्याआधी मनानं बंद करू नका.

आता या कॅप्सूलचा उपयोग तरी किती? अमेरिकेत २५ हजारांहून जास्त लोकांवर काही वर्षं अभ्यास झाला. रोज १ ग्रॅम माशाचं तेल आणि डी-३ देऊन पाहिलं. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं येणारा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण दोन्हींपैकी कशानंही ठळकपणे कमी झालं नाही. (काही रुग्णांना डॉक्टर जास्त मात्रेचं शुद्ध ओमेगा-३ औषध म्हणून देतात, ती गोष्ट वेगळी.) २०२२ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची ५ मिलिग्रॅमची साधी गोळी आणि सहा पूरकं यांची तुलना केली. त्यात माशाचं तेल, लसूण, हळद, दालचिनीही होती. २८ दिवसांत गोळीनं वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ३८ टक्के उतरलं. पूरकांपैकी कशानंही ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा ठळकपणे उतरलं नाही. म्हणजे लसूण न खाल्ल्यानं आपलं काही अडलेलं नाही!

एका पूरकाबद्दल मात्र मी उलट सांगेन, ते म्हणजे बी-१२. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ पुरुष तपासले. खेड्यातले, वस्तीतले, शहरी मध्यमवर्गीय. २००६ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघालं, शाकाहारींमध्ये तर धोका जास्तच. आपल्याला ते फक्त दूध-दह्यातून मिळतं. हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा याला आपण "वय झालं" म्हणतो. एकदा रक्त तपासून घ्या. हे जीवनसत्त्व जीवाणू तयार करतात, त्यामुळं शाकाहारी गोळी मिळते. पण तीही घ्यायची ती रक्तासाठी आणि नसांसाठी. बी गटातली जीवनसत्त्वं देऊन हृदयाचे झटके टळतात का, हे साडेपाच हजार रुग्णांवर पाहिलं गेलं, टळले नाहीत.

मग हृदयासाठी घरात काय करायचं? आपल्या मराठवाड्यात जवस पूर्वीपासून आहे. भाजून, कुटून, बिनलसणाची चटणी करा. अख्खं जवस तसंच न पचता निघून जातं. त्यात वनस्पतीतलं ओमेगा-३ असतं. शरीर त्याचं माशातल्या ओमेगा-३ मध्ये थोडंसंच रूपांतर करतं, म्हणून जवसालाही औषध म्हणू नका, चांगलं अन्न म्हणा. आणि मिठाकडे बघा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. आपण कांदा-बटाटा सोडतो, पण पापड, लोणचं, शेव आणि वाळवणातलं मीठ कधी मोजतो का?

शेवटची विनंती. पर्व सुरू व्हायच्या आठ दिवस आधी घरातल्या मोठ्यांना डॉक्टरांकडे न्या आणि विचारा: एकाशनात, उपवासात कोणती गोळी कधी घ्यायची? मधुमेह असेल तर हे विचारल्याशिवाय उपवास धरूच नका. आमच्या डॉक्टरांनी आईंची गोळी बदलली नाही, फक्त वेळ बदलली. आता ती एकाशनाच्या ताटाशेजारी वाटीत ठेवलेली असते. व्रतही पाळलं जातं, गोळीही चुकत नाही.

आणि हो, त्या दिवशी डॉक्टरांनी माझाही रक्तदाब मोजला. तीन वर्षांत पहिल्यांदाच. तुमचा शेवटचा कधी मोजला होता?